तीन तीरांची कोळंबी

फार जुन्या काळची गोष्ट आहे, लहानथोर मंडळींनो. किती जणांनी किती वेळा सांगितली, पण ती ऐकून शहाणा झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. तरी सांगतो.

एका समुद्राच्या काठी तीन राज्ये होती. समुद्र एक, कोळंबी एक, राजे मात्र तीन. पावसाळ्यात कोळंबी अंड्यांवर येई. म्हणून तिन्ही तीरांवरचे कोळी होड्या वाळूवर ओढून माडाच्या झापांनी झाकून ठेवत, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच पाण्यात लोटत. हा नियम कुठल्याही राजाने केलेला नव्हता. बहुधा म्हणूनच तो टिकला होता.

वाळलेल्या कोळंबीचे ढीग किनाऱ्यावर लागत. एका वर्षी एका राजाला गडावरून दिसले, की शेजाऱ्यांचे ढीग आपल्यापेक्षा उंच आहेत. झाले! राजाच्या पोटात दुखू लागले. त्याने होड्यांच्या म्होरक्याला, म्हाताऱ्या तांडेलाला, बोलावले.

"यंदा नारळाची वाट बघायची नाही," राजाने बजावले.

तांडेल निघाला. त्याच्या होड्या पाहून पलीकडचे दोन्ही तीरही निघाले. पुढल्या वर्षी सगळे आणखी लवकर निघाले आणि जाळी आणखी बारीक विणली. ढीग वाढले, कोळंबी मात्र नखाएवढी झाली. राजांनी ढीग तेवढे पाहिले.

कोळंबी सोलता सोलता तांडेलाची बायको थांबली. "अवो, ही दोन जिवांची हाय. हिला आज खाल्ली, तर उद्या नातवंडांना काय घालू?"

"मी सोडली तर समोरचा धरंल," तांडेल म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

एकदा भर पावसात तिन्ही तीरांचे तांडेल समुद्रात समोरासमोर आले. तिघेही भिजलेले, तिघेही दमलेले.

"तू थांब, मंग मी थांबतो," पहिला म्हणाला.

"आधी तू," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने सरळ जाळे टाकले. मग उरलेल्या दोघांनीही टाकले. त्यांच्यातला एकही माणूस वाईट नव्हता, हेच सांगताना जीव थकतो.

एका वर्षी जाळ्यात नुसता चिखल आला. दुसऱ्या दिवशीही चिखलच, महिन्यानंतरही चिखलच. तांडेलाची मुले नातवंडांना घेऊन पोटामागे दूर डोंगरापलीकडे गेली. घरात दोघे म्हातारे उरले.

राजाने तांडेलाला पुन्हा बोलावले. "आता कोणाचा ढीग मोठा?"

"महाराज, आता तिन्ही तीर सारखे हायत," तांडेल म्हणाला. हुकमाची वाट न बघता तो गड उतरू लागला, आणि त्याला कोणी अडवले नाही.

तात्पर्य: आधी दुसऱ्याने थांबावे म्हणत सगळेच ओरबाडू लागले, की जे सगळ्यांचे असते ते कोणाचेच उरत नाही.