चटईच्या दुमडीतला दाणा

उन्हाला चुकवून वाळलेला दाणा तुम्ही कधी पाहिला आहे काय?

फार पूर्वी कोकणातल्या एका वाडीत द्वारकाकाकूंनी पोफळीवर चढलेल्या वेलीची मिरी खुडली आणि खळ्यात चटईवर वाळत घातली. तिचे पहिले मापटे देवीच्या नैवेद्याला जायचे होते. त्या मापट्यात आपण असावे, अशी एका टपोऱ्या दाण्याला तळमळ लागली होती. पण ऊन मात्र त्याला क्षणभर सोसवेना. सारखी कूस बदलत तो अखेर चटईच्या दुमडीत शिरला.

"बाहेर ये, बाळा," चटई म्हणाली. "अंगात ओल ठेवून देवीपुढे जाता येत नाही."

"चटईआजी, या शेजाऱ्यांची तोंडे पाहा, पार सुरकुतली आहेत. देवीला हे म्हातारे आवडतील, की माझ्यासारखा गुटगुटीत?"

"सुरकुतल्यावाचून तिखटपणा मुरत नाही," शेजारचा दाणा म्हणाला. "तू आपला गुटगुटीतच राहा."

मिरी वाळल्यावर काकूंनी चटई डब्यात रिती केली, तेव्हा हा दुमडीतून सर्वांच्या आधी आत घरंगळला. अंधारातही त्याला चैन पडेना. अंगातली ओल आंबू लागली, आणि त्याचा कुबट वास शेजाऱ्यांनाही लागला.

नैवेद्याच्या आदल्या दिवशी काकूंनी डबा उघडला आणि सारी मिरी पुन्हा उन्हात पसरली. निर्दोष दाण्यांनी दुसऱ्यांदा ऊन सोसले, आणि मग ते देवळात गेले. बुरशीने पांढरा झालेला तो एक दाणा मात्र काकूंनी वेचून उकिरड्यावर फेकला. तेथे तेच ऊन त्याला दिवसभर सोसावे लागले, आणि आता वाळूनही तो कोणाच्या कामाचा उरला नव्हता.