लेकीच्या आधी आईची ओ

इकडे सावलीत या आणि समुद्राकडे पाठ करून बसा. हसू नका हो, सांगते तेवढं ऐका. आमच्या या बंदरात थोरल्या लेकीला आईचंच नाव ठेवतात. सगळीकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, आमच्यात खुद्द आई सांगते. यामागे एका बुडालेल्या शहराची भीती आहे.

फार मागे यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, देशात हेलिके नावाचं शहर होतं. आता पुन्हा मला ते नाव घ्यायला लावू नका. समुद्रदेवाचा कोप झाला आणि पाण्यानं ते अख्खं गिळलं, असं सांगतात. परमुलखात गेलेली माणसं तेवढी वाचली. त्यांनी जिथे जिथे वस्ती केली, तिथे मायेनं जुन्या गावाचंच नाव दिलं. आणि म्हणे, ज्या गावाला ते नाव, त्या गावी समुद्र हुडकत आला. एकही वस्ती त्यानं ठेवली नाही.

त्यांतलाच दामोन नावाचा खलाशी आमच्या किनाऱ्याला लागला. गावानं त्याला ठेवून घेतलं, पण शपथ घातली, ते नाव इथे कशालाही द्यायचं नाही. पुढे पोवळी नावाच्या कोळणीशी त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. चारचौघांत तो पोरीला नुसतं ‘बाय’ म्हणायचा. पण गावाच्या आठवणीनं जीव तुटायचा त्याचा. आसपास कुणी नसलं की मेला पाळण्यावर वाकून पोरीला त्याच नावानं हाक मारायचा.

पोर चालायला लागली आणि एका सकाळी समुद्र मागे हटला. ओहोटीची वेळ नव्हती. होड्या चिखलात कलंडल्या, मासे तडफडू लागले, एक पाखरू ओरडेना. दामोननं सगळं कबूल केलं. पोवळीनं पोर त्याच्या कडेवर दिली, टेकडीवर पळ म्हणाली आणि स्वतः उघड्या वाळूवरून पाण्याकडे निघाली.

लांबवर पाणी ताडाएवढं उभं राहिलं होतं. भ्याली नसेल का? मध्येच ती एकदा थबकली, टेकडीवरून लोकांनी पाहिलं. तरी तिनं ते नाव मोठ्यानं घेतलं आणि म्हणाली, “हे नाव माझं आहे. मला ने आणि पुन्हा येऊ नकोस.”

पाणी तिच्यापर्यंत आलं आणि तिला घेऊन तिथूनच फिरलं. पोरीला नाव उरलं नाही, म्हणून गावानं तिला आईचं दिलं.

आजही आमच्या दारात कुणी हाक मारली, तर लेक गप्प राहते आणि ओ आई देते. लहानपणी मला याचा भारी राग यायचा. मग मला मुलगी झाली. आता समुद्राकडून हाकेचा नुसता भास झाला, तरी तिच्या आधी मीच ओ देते.