मिठागरावरचा कॅमेरा

एकदा एका तरुण शिक्षिकेला कॅमेरा घ्यायचा होता. वैजयंती तिचं नाव. खाडीकाठच्या एका गावात ती प्राथमिक शाळेत शिकवत असे. गावचं मिठागर त्या उन्हाळ्यानंतर कायमचं बंद होणार होतं. तिथे चाळीस वर्षं मीठ ओढणाऱ्या चांगुणाबाईंवर एक छोटा माहितीपट करावा, असं तिच्या मनाने घेतलं होतं. हंगामाचे जेमतेम तीन आठवडे उरले होते. जवळची पुंजी बेताची, पगारातून बाजूला टाकत आलेली. त्यातच सगळं बसवायचं होतं.

शहरातल्या दुकानदाराने तिच्यापुढे दोन कॅमेरे ठेवले. एक लहानसा, वापरलेला, पण सुस्थितीतला. तो निम्म्या पैशांत येत होता. दुसरा नवाकोरा. त्याचं चित्र इतकं नितळ, की दुकानदाराच्या भुवईतला पांढरा केसही वेगळा दिसावा. त्यात मात्र तिची सगळी पुंजी संपत होती. वैजयंती दोन्ही आलटून पालटून हातात घेत राहिली. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "ताई, घाई नको. जाणत्या माणसाला विचारून या."

जाणता माणूस तिच्या ओळखीत एकच होता. उभं आयुष्य रानावनात, नदीकाठी, उन्हातान्हात चित्रीकरण करून आता तालुक्याच्या गावी निवांत राहिलेले एक वृद्ध कॅमेरामन. सगळे त्यांना आबा म्हणत. वर्षभर दर रविवारी वैजयंती त्यांच्याकडे शिकायला जात होती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मत काही दिलं नाही. म्हणाले, "तुला आवडलेल्या त्या नव्या कॅमेऱ्याचा जुळा भाऊ माझ्या कपाटात आहे. एका विद्यार्थ्याने भेट दिलेला. उद्या तो घेऊन मिठागरावर जाऊ."

वैजयंतीला वाटलं, आबांचा कौल मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बांधावर उभी राहिली. ऊन पांढरं पडलं होतं आणि खाडीवरून वारा सुटला होता. चांगुणाबाई घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. मीठ पिकलं की नाही, हे त्या खडा जिभेवर ठेवून ठरवत. काही दिवसांपूर्वीच त्यांनी वैजयंतीला ते सांगितलं होतं, आणि आपला माहितीपट त्याच क्षणाने सुरू करायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

चांगुणाबाई वाकल्या. वैजयंतीने श्वास रोखून कॅमेरा रोखला. आणि त्याच वेळी आबांनी खाली वाकून ओंजळभर खारं पाणी घेतलं व सरळ तिच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या दिशेने उडवलं.

"आबा!" ती किंचाळली. गर्रकन पाठ वळवून तिने कॅमेरा पोटाशी धरला आणि ओढणीने घाईघाईने पुसू लागली. थेंबन्‌थेंब टिपून झाल्यावर तिने वर पाहिलं, तेव्हा चांगुणाबाई मीठ ओढायला लागल्या होत्या.

"हे काय केलंत तुम्ही? तुमचाच कॅमेरा आहे ना हा?" तिने रागाने विचारलं.

आबा बांधावर बसले. शेजारच्या जागेवर हात थोपटून त्यांनी तिलाही बसवलं.

"समोर काय घडलं, पाहिलंस?"

"कसं पाहणार? तुम्ही पाणी उडवलंत!"

"चांगुणाने खडा चाखला. चाखून हसली, आणि मग फावडं उचललं."

वैजयंतीचे डोळे भरून आले. आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळ, तुला लाजवायला मी हे केलं नाही. तुझ्या जागी मीही होतो. माझा पहिला भारी कॅमेरा घेऊन एका पुराचं चित्रीकरण करायला गेलो होतो. काठावर एक बाई आपल्या म्हशीला हाका मारत उभी होती. पाऊस आला तसा मी कॅमेरा पिशवीत घातला. थोड्या वेळाने म्हैस पोहत आली, आणि ती बाई तिच्या गळ्याला मिठी मारून रडली. ते मी पाहिलं. आता दुसऱ्या कुणालाच ते कधी दिसणार नाही. कॅमेरा मात्र कोरडा राहिला." त्यांनी तिच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "यंत्र उत्तम असण्यात दोष नाही. पण जे गमावणं आपल्याला परवडणार नाही, त्याची आपण राखण करत बसतो, आणि राखण करणाऱ्याची नजर समोर राहत नाही. इथे वारा आहे, धूळ आहे, खारं पाणी आहे. हे सगळं ज्याला लागू देण्याची तुझी तयारी आहे, तो कॅमेरा तुझा."

"पण चित्र तितकं नितळ येणार नाही, आबा."

"नाही येणार. तेवढं सोसायचं. उरलेल्या पैशांत वाऱ्याची घरघर अडवणारा माइक घे, दोन जादा बॅटऱ्या घे. आणि रोज इथवर यायचं भाडं बाजूला ठेव. रोज येशील, तर चांगुणा तुला विसरून वावरेल."

"आणि हा खराब झाला असता तर?" तिने मांडीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहत विचारलं.

"झाला असता तर झाला असता," आबा शांतपणे म्हणाले. "कपाटात तरी तो कोणाच्या उपयोगी पडत होता?"

वैजयंतीने वापरलेला कॅमेरा घेतला. पुढचे एकोणीस दिवस ती मिठागरावर जात राहिली. पहिल्या दिवशीचं ते हसू तिला पुन्हा मिळालं नाही. ती हळहळ तिच्या मनात कायम राहिली. पण एका दुपारी अवकाळी ढग दाटून आले, मिठाच्या राशी झाकायला बायका धावल्या, तेव्हा कॅमेरा हातात धरून तीही त्यांच्यामधून धावली. तो भिजला असता, हा विचार तिला घरी पोचल्यावर सुचला.

मे महिन्यात शाळेच्या वर्गात खिडक्यांना चादरी लावून तिने माहितीपट दाखवला. मिठागरातली सगळी माणसं आली होती. कुठे चित्र किंचित धूसर होतं, कुठे वारा ऐकू येत होता. डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून दूर जाणाऱ्या चांगुणाबाई भिंतीवर दिसल्या, तशा खऱ्या चांगुणाबाई पुढे सरकून बसल्या.

"पाठीमागून मी अशी दिसते होय गो?" त्या हळूच म्हणाल्या. "माझा बापूस अगदी असाच चालायचा. मला ठाऊकच नव्हतं."

मागच्या बाकावरून आबाही पुढे वाकून पाहत होते. वैजयंतीने कुणी न सांगता ते दृश्य पुन्हा पहिल्यापासून लावलं. या खेपेला ती भिंतीकडे पाहत नव्हती. चांगुणाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होती.