नाव विचारणारं कासव

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या वडाच्या ढोलीत तेव्हा उंदरांचं गाव नांदत होतं. त्यांच्या पाटलीणबाईंनी दारावर राखणीला एक कासव बसवलं आणि बजावलं, "येईल त्याला नाव विचारायचं. नावात मांजर असलं, तर आत सोडायचं नाही."

कासवाला हे काम फार आवडलं. डोकं चालवायची गरजच नव्हती.

पहिल्याच दिवशी नदीतलं पाणमांजर धापा टाकत आलं. "कासवदादा, आत निरोप द्यायचाय. बोका इकडंच येतोय!"

"तुझ्या नावात मांजर आहे," कासव म्हणालं. "माघारी जा."

"अहो, माझं पोट माशांवर भरतं! उंदरांना मी कशाला खाऊ?"

"काय खातोस, हे मी विचारलंच नाही."

पाणमांजर कपाळावर पंजा मारून गेलं. मागोमाग मिशांना पीळ देत दुसरा पाहुणा आला.

"नाव?"

"बोका."

कासवानं ते नाव मनात दोनदा घोळवलं. त्यात मांजर काही सापडेना. "या, या!" म्हणत ते अदबीनं बाजूला सरकलं.

मग आत एकच पळापळ झाली. मागच्या बिळातून सगळे कसेबसे निसटले. पाटलीणबाईंची शेपटी तेवढी अर्धी राहिली.

बोका कंटाळून निघून गेल्यावर त्या कासवावर कडाडल्या, "अरे, एवढा थोरला बोका तुला ओळखू आला नाही?"

"ओळखला होता की," कासव शांतपणे म्हणालं. "पण तुम्ही फक्त नाव विचारायला सांगितलं होतं."