पंखाखाली न मावलेलं पिल्लू

माणसांनी अंगणांना कुंपणं घालायच्याही आधीची गोष्ट. रंगू कोंबडीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाटाच्या काठी बेवारस कुडकुडणारं कुत्र्याचं पिल्लू तिनं काल मोठ्या मायेनं घरी आणलं होतं, आणि आल्यापासून त्या भिंगऱ्याचे पाय जमिनीला ठरत नव्हते. आपली एकुलती एक पिटुकली त्याच्या पायाखाली आली तर?

कोंबड्यांकडे पोरांच्या दांडगाईवर एकच उपाय असतो, पंखाखाली घेणं. रंगूनं सकाळी तोही करून पाहिला. भिंगऱ्याचं फक्त नाक मावलं. नाकाला पीस लागलं, तो शिंकला आणि रंगू दोन हात लांब जाऊन पडली.

"अंडी बरी उबवत होतीस की गं! हे ध्यान कशाला उबवायला घेतलंस?" शेळीकाकू रवंथ करत म्हणाल्या.

"चुकलंच माझं," रंगू पुटपुटली. आपलं चुकलं असं वाटायला तिला फारसं निमित्त लागत नसे.

इतक्यात भिंगऱ्याच्या शेपटीचा फटका बसला आणि पिटुकली उडून कोंड्याच्या ढिगात गडप झाली. रंगू किंचाळत धावली.

"आत्ताच्या आत्ता चालता हो माझ्या घरातून!"

भिंगऱ्या कान पाडून बसला, आल्यापासून पहिल्यांदाच स्वस्थ.

ढिगातून कोंड्यानं माखलेलं डोकं वर आलं.

"लागलं का गं सोने? घाबरलीस?"

पिटुकलीनं चोचीतला कोंडा थुंकला आणि भिंगऱ्याकडे वळून म्हणाली, "मघाशी तर याच्यापेक्षा लांब उडवलं होतंस! पुन्हा कर, आणि या वेळी नीट कर."