दिव्यात उजळलेली गाठ

माणदेशातल्या पळसखोरी गावी, बिरोबाच्या देवळात सोनबा महाराज राहत होते तेव्हाची ही गोष्ट. बाप्पांनो, मन थाऱ्यावर ठेवून ऐका.

धुरपदा सणगरीण दर जत्रेला देवासाठी घोंगडी विणायची. हा मान तिच्या सासऱ्यापासूनचा. त्या वर्षी तिच्या मनगटावर सुपारीएवढी गाठ आली. विणताना धाग्याचा धोटा फेकला की कळ निघे, घोंगडी अर्धीच मागावर राहिली. जत्रा तोंडावर आलेली. बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं.

गावात तायाप्पा नावाचा हाडवैद्य होता. हाताला गुण होता, पण गर्व त्याहून मोठा. "हाड वर आलंय," तो म्हणाला. "वरवंट्याच्या एका घावात बसवतो. देवाच्या पायरीवर, चारचौघांत."

धुरपदा भिऊन महाराजांकडे गेली. महाराजांनी तिला गाभाऱ्याच्या काळोखात नेलं आणि दिवा मनगटाशी धरला. गाठ आतून तांबूस उजळली.

"हाड असं उजळतं का, बाई?" महाराज म्हणाले. "हे सांध्यातलं चिकट पाणी. पट्टी बांध, हाताला विसावा दे. अशा गाठी पुष्कळदा आपसूक विरतात. घाव मात्र घालायचा नाही."

"आणि घोंगडी?"

"देव यंदा जुन्या घोंगडीवर बसेल."

ते ऐकून बाहेर पायरीवर तायाप्पा हसला. "महाराज, तुम्ही भंडारा लावा, वैद्यकी आम्हाला सोडा. धुरपदे, हात दे, नाहीतर मान दुसऱ्या घरी जाईल."

मान जाईल म्हटल्यावर तिचा धीर सुटला. तिनं बाहेर येऊन पायरीवर हात ठेवला. महाराज आत गाभाऱ्यातच बसून होते.

वरवंटा पडला. पण आवाज झाला नाही, कळही आली नाही. दगड लोकरीवर पडावा तसा पडला. आवाज आला तो गाभाऱ्यातून, हाड मोडल्याचा. कळसावरची कबुतरं घुमायची थांबली.

तायाप्पा आत धावला. महाराजांचं मनगट काळंनिळं पडलं होतं. तायाप्पाच्या वरवंट्याच्या कडेचा टवका पूर्वीच उडालेला होता. त्याच टवक्याची खूण महाराजांच्या कातडीवर उमटली होती.

"हाड बसवता येतं ना तुला?" महाराज शांतपणे म्हणाले. "मग हे बसव."

तायाप्पानं हाड बसवलं, पट्टी बांधली आणि पायांवर डोकं ठेवलं.

"माझ्या नको," महाराज म्हणाले. "घाव जिथं घातलास, तिथं माथा टेक."

धुरपदाची गाठ पुढच्या जत्रेआधी विरली आणि घोंगडी तिनंच विणली. पण त्या दिवशी गाठ मनगटावर तशीच होती. तायाप्पा बाहेर आला, साऱ्या गावादेखत वाकला आणि त्या गाठीवर त्यानं कपाळ टेकवलं.