धुळटेक आणि सगुणेचे पाय

सासवडच्या पुढं एका फाट्यावरून आत वळलं की कोरवडी लागते. कोरवडीच्या जरा अलीकडं सपाट माळावर एकटंच एक टेकाड आहे. आता माळावर टेकाड, यात काय एवढं? पण थांबा. त्यावर दगड नाही. एकसुद्धा नाही! नुसती बारीक, राखाडी, पिठासारखी धूळ. पायरीएवढाही खडक कुठं लागत नाही. गावातले लोक त्याला धुळटेक म्हणतात.

आम्ही गाडीतून उतरत होतो तेवढ्यात एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आल्या. टेकाडाशी थांबल्या, एका हातानं भारा सावरला, एक चप्पल काढून टेकाडावर फट् फट् झटकली, मग दुसरी झटकली आणि निघाल्या. तोंडातून शब्द नाही. मागून एक बाईकवाला आला. तोही थांबला, गाडी स्टँडला लावली, बूट काढले, फट् फट्, गेला! मी नुसती बघत राहिले. माझ्याशेजारी मकेना मात्र पांढरीफटक पडली होती. "हे आमचं आहे," ती म्हणाली. "हे इथं कसं?"

मकेना माझी मैत्रीण, अमेरिकेतल्या युटाची. ती मॉर्मन आहे, म्हणजे सॉल्ट लेक सिटीकडचा ख्रिस्ती लोकांतला एक वेगळाच पंथ. चहा नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखूचं तर नावच नको. यांची तरुण पोरं घरदार सोडून जगभर धर्म सांगत फिरतात. कंपनी सरकारच्या काळात तशी काही पोरं पार मुंबई-पुण्यापर्यंत आली होती, आणि मकेना त्यांच्यावरच पीएचडी करतेय. कोरवडीत असाच एक जण येऊन गेल्याचं तिच्या कानावर आलं, म्हणून मी गाडी काढली. दुभाषी मी, ड्रायव्हर मी.

गावात शिरल्या शिरल्या पहिल्या घरी पाणी मागितलं, तर तिथल्या काकूंनी तांब्या हातात धरून आधी आमची तोंडं नीट निरखली. चांगलं अर्धं मिनिट! मग दिलं. मला जरा रागच आला. त्यांनीच सांगितलं, "गोष्ट पाहिजे ना? म्हस्कूनानांकडं जा."

म्हस्कूनाना लिंबाखाली शेळ्यांजवळ बसले होते. वय विचारलं तर म्हणाले, "लई." चहा आला. मकेनानं हात जोडून नको म्हटलं, तसे नाना ताडकन सरळ बसले.

"चा पीत न्हाई? मग तू त्याच्यातली!" मग आवाज बारीक करून मला, "ए पोरी, इचार की तिला, ह्यांच्यात लई लई बायका करत्यात म्हणं?"

मी विचारलं. मकेना लालबुंद झाली. "सांग त्यांना, आमच्या पंथात ते बंद होऊन शंभरावर वर्षं झाली."

"बरं झालं," नाना म्हणाले. "येक सांभाळता सांभाळता माझी दाढी पिकली." आतून नानी ओरडल्या, "ऐकू येतंय मला!" नाना हसले, तंबाखू मळली, आणि मग एकदम गंभीर झाले. पुढचं सगळं त्यांनी सांगितलेलं. मी फक्त माझ्या भाषेत सांगतेय.

त्या काळी या माळावर गोऱ्यांच्या पलटणीच्या घोड्यांची छावणी होती, असं सांगतात. जिथं आज धुळटेक आहे तिथं मेजर ब्रॅडवुडचा बंगला, आणि बंगल्याच्या आवारात पंचक्रोशीतलं एकुलतं एक बारमाही टाकं. जिवंत झऱ्याचं. दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, तसं मेजरनं टाक्याभोवती भिंत घातली आणि दारावर शिपाई बसवला. पाणी घोड्यांचं, बाकी कुणाचं नाही.

अशा वैशाखात हा पोरगा आला, एबेल थॉर्न. पाठीला पिशवी नाही, कनवटीला पैसा नाही. ह्यांचे लोक नेहमी जोडीनं फिरतात, पण याचा जोडीदार वाटेतच पटकीनं गेला होता. पुण्यात राहून मोडकंतोडकं मराठी शिकला होता. सगळ्यांना सांगायचा, मी एल्डर आहे. एल्डर म्हणजे काय? तर वडीलधारा. मिशीसुद्धा धड फुटलेली नाही, आणि म्हणे वडीलधारा! छावणीला गवत पुरवणारी सगुणा तर पोट धरधरून हसली. "या वडील, बसा वडील," म्हणून तिनं त्याला बाजरीची भाकरी घातली.

एबेल मेजरकडं गेला. मेजरनं आधी चांगलं वागवलं, चहा पुढं केला. यानं नको म्हटलं. तिथंच पहिली माशी शिंकली. मग पठ्ठ्यानं विचारलं की छावणीतल्या दोन शिपायांना माझा धर्म घ्यायचाय, तर त्यांना तुमच्या टाक्यात बुडवू का? कारण ह्यांच्यात डोक्यावर नुसतं पाणी शिंपडून भागत नाही, माणूस अख्खा पाण्याखाली जावा लागतो. भर दुष्काळात! घोड्यांच्या टाक्यात! मेजरनं कुत्री सोडली अंगावर.

रक्ताळल्या पायांनी पोरगा फाटकाबाहेर आला. तिथं थांबला, बूट काढले, मेजरच्या दिशेनं एकेक झटकला आणि चालू लागला. सगुणा गवताचा भारा घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "हे काय केलंस रे?"

तो म्हणाला, "ज्या दारानं हाकललं, त्याची धूळही आपण नेत नाही. ती तिथंच साक्षीला ठेवायची. पुढचं देव बघतो."

"बास? एवढंच?" सगुणा म्हणाली. "मी असते तर धोंडा घातला असता."

त्या रात्रीपासून एबेल तापानं फणफणला. सगुणेच्या गोठ्यात पडून राहिला, ओठ फुटले, सारखं पाणी पाणी. घरात थेंब नाही. सगुणेचा नवरा हैबती म्हणाला, आपल्या दारी आलेला माणूस असा तहानेनं जाऊ द्यायचा? आणि पहाटे घागर घेऊन भिंत चढला. सापडला.

मेजरनं त्याला मारलं नाही. नाना म्हणतात, मारलं असतं तर बरं होतं. मेजरनं त्याला टाक्याशेजारच्या घोडे बांधायच्या खांबाला बांधलं. तोंड पाण्याकडं. वर वैशाखाचं ऊन. बातमी कळताच सगुणा फाटकाशी धावली. पदर पसरला, माती डोक्याला लावली, म्हणाली, साहेब, मला मारा, पण त्याला एक ओंजळ द्या. ओंजळभरच. मेजर व्हरांड्यात चहा पीत होता. तो मोतद्दाराला म्हणाला, माझ्या घोड्याचे पाय धू. मग सगुणेच्या डोळ्यांदेखत बादलीवर बादली उपसून घोड्याचे चारी पाय धुतले गेले. ते पाणी हैबतीच्या पायांजवळून वाहत गेलं. त्याला वाकता येत नव्हतं.

दुपारी हैबती गेला. डोळे उघडेच, पाण्याकडं.

हे सांगताना नानांनी तंबाखू थुंकून टाकली.

एबेल मात्र वाचला! ताप उतरला, आणि उतरल्यावर कळलं की आपल्यापायी काय झालं. सगुणेच्या पायांवर पडला. ती रडत नव्हती. तिनं त्याला उठवलं आणि म्हणाली, "वडील, ते बूट झटकायचं मला शिकवा. पुरतं शिकवा. काही वगळू नका."

त्यानं शिकवलं. धूळ झटकायची, शापाचा शब्द उच्चारायचा नाही, मागं बघायचं नाही. मग स्वच्छ पाण्यानं पाय धुवायचे, की साक्ष पुरी झाली, दार बंद झालं. त्यानंतर त्या माणसाला क्षमा नाही, परत फिरायला वाट नाही.

सगुणा त्याच दिवशी फाटकाशी गेली आणि वहाणा झटकल्या. दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा एबेल घाबरला. धावत तिच्यामागं गेला. "असं नाही! ते एकदाच करायचं असतं. झटकायचं आणि निघून जायचं."

सगुणा म्हणाली, "तू जाणार, म्हणून तुला एकदा पुरतं. मी कुठं जाऊ? मला रोज हाच रस्ता."

जाताना त्यानं हात जोडून एवढंच विनवलं, "झटक हवं तेवढं. पण पाय धुवू नकोस. जोवर धूत नाहीस तोवर तो माणूस सुटू शकतो. आणि तूही."

"धुवायला पाणी कुठंय?" सगुणा म्हणाली. तो रडत रडत गेला म्हणे.

मग सगुणेचं बघून बाकीचे गवतवाले झटकायला लागले. मग पखालवाले, मोतद्दार, धोबी. येताजाता, फट् फट्. मेजर आधी हसला. मग चिडला. पण शिक्षा देणार कशाची? वहाणा झटकल्याची? त्यानं वहाणा घालायला बंदी केली, तर लोक अनवाणी यायचे आणि फाटकाशी टाचा घासायचे. झाडूवाल्याला रोज सगळं लोटायला लावलं, तर झाडूवाला लोटून झाल्यावर स्वतःचे पाय झटकून जायचा! मेजरला जेवताना तो आवाज, झोपताना तो आवाज. रिकाम्या रस्त्याकडं बघून ओरडायचा म्हणे, थांबवा ते! घोडे खोकायला लागले. पलटणीनं घोडे हलवले, पण मेजर हटला नाही. गावठी बाईच्या चपलेला भिऊन जाऊ? नोकर एकेक करून गेले, आणि जाताना प्रत्येकानं झटकलं.

आणि एके दुपारी माळावर वावटळ उठली. अशी वावटळ कुणी आधी पाहिली नव्हती. फाटकाशी साठलेली सगळी धूळ उभी राहिली, नाना म्हणतात, माणसासारखी उभी राहिली. भिंत ओलांडून आत गेली. आधी टाक्यात बसली, टाकं भरलं, झरा बुजला. मग व्हरांड्यात, मग खोल्यांत, मग छपरावर. वारा पडला तेव्हा बंगल्याचं नुसतं धुराडं वर दिसत होतं.

त्यातून मेजर बाहेर आला. नखशिखांत राखाडी, फक्त डोळे लाल. सगळ्यांत जवळचं घर सगुणेचं. तो तिच्या दाराशी गुडघ्यावर पडला आणि त्याला येत होता तो एकच शब्द बोलला, "पानी."

सगुणेकडं तेव्हा पाणी होतं. नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा खणून ओंजळी ओंजळीनं भरलेला एक तांब्या. दिवसभराचं तेवढंच. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मेजरनं दोन्ही हात पुढं केले.

"बसा साहेब," ती म्हणाली.

आणि उंबऱ्यावर उभं राहून तिनं तांब्या आपल्या डाव्या पायावर ओतला. सावकाश. मग उजव्या पायावर. टाच, घोटा, बोटं, अगदी नीट चोळून. हैबती गेल्यापासून तिनं पाय धुतले नव्हते. काळं पाणी उंबऱ्यावरून खाली आलं. मेजरनं ओल्या मातीला तोंड लावलं म्हणे, पण तोवर ती जमीन सगळं प्यायली होती. सगुणा शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबली. तांब्या उपडा ठेवला. "झालं," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मेजर सरपटत परत गेला, बंगल्याच्या दिशेनं, धुळीत. पुढं तो कुणाला दिसला नाही.

गोष्ट संपली. मग मकेना म्हणाली, "सांग त्यांना, एबेल घरी पोचला. एवढं मला माहितीये. पण परत कधी कुणाला धर्म सांगायला गेला नाही. का, ते कुणाला कळलं नव्हतं."

नानांनी मान हलवली. "कसा जाईल?"

मग ते आम्हाला टेकाडाच्या पायथ्याशी घेऊन गेले. जिथं सगुणेनं पाय धुतले, तिथं जमिनीतून पाणी फुटलं. बुजलेला झरा तिकडं वळला, असं सांगतात. छोटासा डोह आहे, तळ दिसेल इतका स्वच्छ. मार्च संपत आला होता, गावात टँकर सुरू झाला होता, आणि इथं हे पाणी काठोकाठ!

"हे पीत का नाही कुणी?" मी विचारलं.

"आगं, हे प्यायचं न्हाई. ह्ये पाय धुवायचं."

मकेनाचे पाय धुळीनं माखले होते. तिनं सँडल काढले आणि पाय पाण्यात घालणार, तेवढ्यात नाना असे ओरडले की शेळ्या बिचकल्या. "आगं ए! थांब! आलाय का कुणी तुझ्या दारात?"

कारण रीत अशी आहे. ज्याचं कुणी वाईट केलंय त्यानं धुळटेकावर झटकायचं, रोज, न बोलता, नाव न घेता. पाय मात्र धुवायचे नाहीत. वाईट करणारा कधीतरी तहानलेला दारात येतो. तो आला, की इथलं तांब्याभर पाणी न्यायचं आणि त्याच्यासमोर उंबऱ्यावर पाय धुवायचे. मग दार लावायचं.

मकेनानं पाय मागं घेतले. सँडल हातातच धरून ती टेकाडाकडं बघत राहिली. झटकले नाहीत, घातलेही नाहीत. गाडीपर्यंत अनवाणी चालत आली.

मी मात्र नानांच्या पायांकडं बघत होते. घोट्याच्या वरपर्यंत राखाडी. भेगांत धूळ बसून बसून दगडासारखी झालेली.

"नाना, तुमचं कोण?"

त्यांनी माळापलीकडं बोट केलं. लांब, हिरव्यागार लॉनचं एक फार्महाऊस दिसत होतं, मध्ये कारंजं उडत होतं. "त्यानं बोअरावर बोअर मारून आमची हीर आटवली. माझ्या थोरल्यानं त्याच हिरीत उडी टाकली. कोरडी हीर." जरा थांबून नाना म्हणाले, "यील. त्याचंबी आटंल की."

आजही कोरवडीत कुणी पाणी मागितलं, की घरातली बाई तांब्या हातात धरून आधी त्याच्या तोंडाकडं नीट बघून घेते.